केनिया, ब्राझीलला निघालात? पिवळं कार्ड मागतील ते परतताना, मुंबईत

कोविडच्या काळात परदेशातून येणाऱ्या माणसाचे किती सोपस्कार होते, ते आठवा. 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर, एअर सुविधा पोर्टलवरचा फॉर्म, उतरल्यावर पुन्हा नाकात काडी. मार्च 2020 मध्ये तर महाराष्ट्रात डाव्या हातावर शाईचा शिक्काच मारत होते. ते सगळं एकेक करून गेलं. एअर सुविधाचा फॉर्म 22 नोव्हेंबर 2022 पासून बंद झाला. चीन, जपान, थायलंड वगैरेंसाठी जानेवारी 2023 मध्ये परत आलेली चाचणीची अट फेब्रुवारीत उठली. 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं सांगितलं आणि लोकांनी मनाशी धरलं की आता प्रवासाला आरोग्याचा कागद लागत नाही.

कोविडच्या कितीतरी आधीपासूनचा एक नियम मात्र अजून जसाच्या तसा आहे, आणि तो सर्वांत कडकपणे पाळणाऱ्या देशांत भारत आहे. तो आहे पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या ठरावीक देशांतून तुम्ही भारतात येत असाल आणि लसीचं ग्राह्य कार्ड जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. विमानतळावर हुज्जत घालून, ओळख सांगून किंवा दंड भरून यातून सुटका होत नाही.

गोची अशी की जाताना बऱ्याचदा कोणी काही विचारतच नाही. केनिया हे कार्ड पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतो. भारतात पीतज्वर नाही, त्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याला कार्डाशिवायही आत जाता येतं. मसाई मारा होतं, सिंह दिसतात, फोटो ग्रुपवर पडतात. मग मुंबईत इमिग्रेशनच्या अलीकडे आरोग्य विभागाच्या टेबलावर प्रश्न येतो, "यलो फीव्हर कार्ड?" म्हणून या लेखातली सगळी आखणी परतीच्या दिवसाकडे बघून केली आहे.

एवढा कडकपणा का

पीतज्वराचा विषाणू पसरवणारा डास म्हणजे आपला ओळखीचा एडिस इजिप्ती. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवतो तोच. तो आपल्या कुंड्यांच्या ताटल्यांत आणि गच्चीवरच्या टायरांत आधीच आहे. माकडंही आहेत, ज्यांच्यात हा विषाणू जंगलात टिकून राहतो. लस न घेतलेली माणसं तर अख्खा देशभर आहेत. फक्त विषाणू तेवढा नाही. 2016 मध्ये अंगोलात मोठी साथ आली तेव्हा तिथून चीनमध्ये परतलेल्या 11 जणांना पीतज्वर निघाला. हा आजार आशियात विमानाने येऊ शकतो हे तेव्हा प्रत्यक्ष दिसलं. सहा दिवसांचा आकडाही उगाच आलेला नाही. डास चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात, तेवढा काळ माणूस डासांपासून दूर ठेवायचा, असा हिशोब आहे. कोविडमधले काही नियम आठवड्याला का बदलत होते हे भल्याभल्यांना कळत नव्हतं. या नियमामागचं कारण सरळ आहे, म्हणून मला तो जाचक वाटत नाही.

पहिली पायरी: तुमचा देश यादीत आहे का

यादी दोघांची असते. एक जागतिक आरोग्य संघटनेची आणि दुसरी भारताच्या आरोग्य मंत्रालयाची. परत येताना कामाला येते ती दुसरी. आफ्रिकेतले केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, काँगो, अंगोला, सेनेगल, आणि पलीकडचे ब्राझील, पेरू, अर्जेंटिना, कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया ही मराठी पर्यटकांच्या आणि नोकरदारांच्या वाटेवरची नेहमीची नावं. तिकीट काढायच्या आधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ताजी यादी बघावी. टूर कंपनीच्या दोन वर्षांपूर्वीच्या पीडीएफवर विसंबू नये.

इथे एक भानगड लक्षात ठेवा. वैद्यकीय धोका आणि सरकारी नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेरूमध्ये कुस्को आणि माचू पिचू एवढंच बघणार असाल तर उंचीमुळे तिथे पीतज्वराचा धोका नसल्यातच जमा आहे, आणि डॉक्टर लसीचा आग्रह धरणार नाहीत. पण भारताच्या यादीत देश अख्खा असतो. तुम्ही त्यातल्या कोणत्या डोंगरावर होतात याची चौकशी मुंबईतल्या टेबलावर होत नाही. तेच अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सचं.

केनिया आणि टांझानिया अशी जोडसहल असेल तर कार्ड वाटेतच लागतं. नैरोबीहून नमांगाच्या सीमेवरून आरुशाकडे उतरताना किंवा विमानाने झांझिबारला जाताना टांझानिया ते मागतो, कारण आता तुम्ही केनियातून आलेले असता. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण धोक्याच्या देशातून येणाऱ्याला तिथेही कार्ड लागतं. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबून आलेल्यालाही तोच नियम आहे.

मग इथिओपियातल्या अदिस अबाबाला नुसतं विमान बदललं तर? भारताच्या नियमात त्याला सवलत आहे. पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच असाल आणि इथल्या आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर कार्ड लागत नाही. ते पटवून द्यायला दोन्ही बोर्डिंग पास आणि पासपोर्टवर इथिओपियाचा शिक्का नसणं, एवढंच तुमच्या हातात असतं. विमान चुकलं आणि एअरलाइनने गावातल्या हॉटेलात नेलं की ही सवलत गेली. अदिसमार्गे वरचेवर जाणाऱ्याने सरळ लस घेऊन टाकावी.

नियम पासपोर्टचा रंग बघत नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब, परदेशी नागरिकत्व असलं तरी, केनियाची सफारी करून तिथून थेट पुण्याच्या आजीला भेटायला येणार असेल तर त्यांनाही तोच प्रश्न विचारला जाईल. यादीतला देश सोडून सहा दिवस उलटल्यावर भारतात उतरलात तर अडचण येत नाही.

दुसरी पायरी: तारखा उलट्या मोजा

कार्ड ग्राह्य धरलं जातं ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. 1 ऑगस्टला लस टोचली तर कार्ड 11 ऑगस्टपासून चालतं. परतीच्या दिवशी ते ग्राह्य झालेलं असलं की नियमापुरतं भागतं, असं काही एजंट सांगतात. कागदावर ते खरंही आहे. पण तुमचं शरीर त्या दहा दिवसांत प्रतिकारशक्ती तयार करत असतं, आणि डास चावणार तो तिथे, पहिल्या संध्याकाळपासून. म्हणून दहा दिवस निघण्याच्या तारखेआधी पूर्ण करा.

त्याआधी आणखी तीन-चार आठवडे हाताशी असू द्या, कारण लसीची वेळ मिळवणं हेच या सगळ्यातलं सर्वांत कटकटीचं काम आहे. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन ही जुनी केंद्रं, गोव्यात मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन. बाकी केंद्रांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. आपल्या जिल्ह्याला जवळचं कोणतं ते तिथेच बघा, आणि जायच्या आधी फोन करा.

केंद्रं ठरावीक वारीच का बोलावतात, याचं कारण कुपीत आहे. लस भुकटीच्या रूपात येते. एका कुपीत पाच किंवा दहा जणांचे डोस. द्रावण मिसळून कुपी एकदा उघडली की जास्तीत जास्त सहा तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. दोघांसाठी दहाची कुपी फोडायला कोणी तयार होत नाही, म्हणून माणसं जमवून टोचतात. जुलै ते ऑक्टोबरच्या सफारी हंगामाआधी आणि दिवाळीच्या सुट्टीआधी या रांगा लांबतात. साठा संपण्याचे प्रसंगही येतात.

जाताना मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि चालू औषधांची यादी न्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, ते ऐका.

लस कोणी घेऊ नये

ही जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची लस आहे. बहुतेकांना एखाद-दोन दिवस अंगदुखी, डोकं जड, बारीक ताप, एवढ्यावर भागतं. पण काहींना ती खरंच धोक्याची ठरू शकते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, थायमस ग्रंथीचा आजार असलेले. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना ही लस देत नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

साठीच्या पुढच्यांचा प्रश्न जरा वेगळा आहे, आणि आपल्याकडे सफारीला जाणाऱ्यांत निवृत्त मंडळीच जास्त. पहिल्यांदाच लस घेताना या वयात अवयवांवर किंवा मेंदूवर परिणाम करणारी गंभीर रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ती तरीही फारच क्वचित येते. पण मधुमेह, हृदयविकार, संधिवाताची गोळी असं काही असेल तर केंद्रावर रांगेत उभं राहून "काही आजार?" या प्रश्नाला "नाही" म्हणून टाकू नका. आधी आपल्या फिजिशियनकडे जा. आईबाबांना लस द्यायची की सहलीचा देश बदलायचा, हा निर्णय घरी शांतपणे घ्यायचा असतो. टांझानियाचं सेरेंगेटी, बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिकेचं क्रूगर, प्राणी तिथेही तेवढेच आहेत. फक्त विमान कुठून जातं ते बघा आणि यादी ताडून घ्या.

लस घेता येत नसेल तर डॉक्टर तसं प्रमाणपत्र देऊ शकतात, आणि पिवळ्या पुस्तिकेत त्यासाठी जागा असते. पण ते मान्य करायचं की नाही हे उतरण्याच्या देशातला आरोग्य अधिकारी ठरवतो. त्याच्या भरवशावर तिकीट काढायचं असेल तर सहा दिवस अडकण्याची मनाची आणि रजेची तयारी हवी.

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा कांजिण्यांची लस नुकतीच घेतली असेल किंवा घ्यायची असेल तर तेही केंद्रावर सांगा. दोन जिवंत लशींमध्ये साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगू शकतात, आणि तारखांचं गणित तिथे कोलमडतं.

तिसरी पायरी: कार्ड टेबलावरच वाचा

लस टोचून झाली की हातात पिवळी पुस्तिका पडते. ती पर्समध्ये टाकून निघायची घाई करू नका. तिथेच पासपोर्ट उघडून शेजारी ठेवा आणि एकेक रकाना ताडून बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव असेल तर तेही. जन्मतारीख. लिंग. राष्ट्रीयत्व. पासपोर्ट क्रमांक. रोगाचं नाव, लस दिल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच क्रमांक. देणाऱ्या डॉक्टरांची सही. केंद्राचा अधिकृत शिक्का, पुसट नको. आणि शेवटी तुमची स्वतःची सही, जी हमखास राहते. मुलाला सही येत नसेल तर पालकाने करायची. कार्ड प्रत्येकाचं वेगळं, कुटुंबाचं एकत्र चालत नाही.

खाडाखोड दिसली तर तिथल्या तिथे नवीन कार्ड मागा. नंतर पेनाने दुरुस्त केलेलं कार्ड बाद होऊ शकतं, असं आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतच म्हटलंय. कोविशील्ड घेतलेल्यांना 2021 मध्ये ब्रिटनने लस मान्य, पण प्रमाणपत्र अमान्य असा जो झटका दिला होता, तो विसरला नसाल. त्यानंतर कोविनच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख छापायची सोय झाली. परदेशातला अधिकारी तुमच्या दंडाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो.

कार्डाची मुदत आता आयुष्यभराची आहे. आधी ती दहा वर्षं होती. 11 जुलै 2016 पासून नियम बदलला, आणि तो जुन्या कार्डांनाही लागू झाला. 2009 मध्ये नायजेरियाला नोकरीसाठी जाताना घेतलेली लस आजही चालते. दहा वर्षांची जुनी तारीख बघून एखादा चेक-इनचा कर्मचारी अडला तर शांतपणे 11 जुलै 2016 चा हा बदल सांगा. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर जुना पासपोर्टही बरोबर ठेवा, म्हणजे कार्डावरचा क्रमांक जुळतो.

घरी आल्यावर कार्डाचा बॅच क्रमांक आणि शिक्का दिसेल असा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवलं तर ज्या केंद्राने दिलं तिथेच जावं लागतं, आणि नोंद शोधायला तारीख लागते. पण प्रवासात फोटो चालत नाही, मूळ कार्डच हवं. ते चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅगेचा पट्टा आरोग्य टेबलाच्या पलीकडे असतो.

लस न टोचता कार्ड देतो म्हणणारे एजंट भेटतील. तो सरळसरळ खोटा सरकारी दस्तऐवज आहे, आणि वर तुम्ही त्या डासांमध्ये लसीशिवाय जाता.

बाकीचे कागद, थोडक्यात

केनियाला जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना लागतो, तो ऑनलाइन काढायचा. झांझिबारला ऑक्टोबर 2024 पासून तिथल्या सरकारी कंपनीचा 44 डॉलरचा प्रवास विमा सक्तीचा आहे, तुमचा भारतातला विमा असला तरी. उमरा आणि हजला जाणाऱ्यांची अट निराळी आहे. मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पोलिओची अट कोणत्या देशांना लागू आहे हे बदलत राहतं, ते निघण्याच्या महिनाभर आधी तपासावं, कारण तो डोसही चार आठवडे आधी घ्यायचा असतो.

विमा काढताना वैद्यकीय स्थलांतराची रक्कम बघा. मारामध्ये पाय मोडला तर छोट्या विमानाने नैरोबीला आणतात. अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था तिथे हेच काम करते.

तिथे गेल्यावर डास

लस फक्त पीतज्वराची आहे. हिवतापावर, म्हणजे मलेरियावर तिचा काही उपयोग नाही, आणि पूर्व आफ्रिकेत पर्यटकाला खरी भीती मलेरियाचीच. "आपल्याकडे पण मलेरिया असतो, आपल्याला सवय आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला मलेरियाची कसलीही सवय नसते. तिथला फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया उपचाराला उशीर झाला तर काही दिवसांत जीव घेतो, आणि त्यावर क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी चालत नाही.

प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि मलेरियाचा भाग सोडल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन असेल तर आधी तितकंच, पण नंतर चार आठवडे. डॉक्सिसायक्लिनने उन्हाचा त्रास वाढतो, आणि सफारी म्हणजे दिवसभर उघड्या जीपमध्ये ऊन. गोळी भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर.

एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा अ‍ॅनोफेलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. त्यामुळे डासांचं मलम फक्त रात्रीचं नाही. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांवर झेपावते, आणि ती जीन्समधूनही चावते.

आणखी एक, आरोग्याचं नाही पण औषधांच्या पिशवीचं. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. चिवडा, चकल्या आणि गोळ्या घरून पॉलिथिनमध्ये बांधून नेण्याची आपली सवय तिथे अंगाशी येऊ शकते. कापडी बटवे किंवा डबे न्या. गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दुबईमार्गे जात असाल तर ट्रमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं तपासून घ्या, तिकडे ती नियंत्रित आहेत.

परतल्यावर

मुंबईत उतरण्याआधी कार्ड आणि पासपोर्ट हातात काढून ठेवा, बोर्डिंग पास फेकू नका. टेबलावर कार्ड बघतात आणि सोडतात, एवढंच. कार्ड नसेल किंवा दहा दिवस झाले नसतील, तर विलगीकरण यादीतला देश सोडल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत किंवा कार्ड ग्राह्य होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. त्या वेळी आवाज चढवून काही होत नाही. घरी कळवा, औषधं मागून घ्या.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावर बंद करू नका. कोर्स अर्धवट सुटतो तो इथेच, कारण इथे आलं की धोका संपला असं वाटतं.

पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं, "मी आफ्रिकेतून आलोय." पावसाळ्यात इथला डॉक्टर आधी डेंगी किंवा लेप्टोचा विचार करणार, त्यात त्याची चूक नाही, तुम्ही कुठे होतात ते त्याला माहीत नसतं. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली आणि ताप राहिलाच, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही. पहिल्या तपासणीत जंतू सापडतोच असं नाही.